पिरॅमिडच्या लेखात सुतार कुठे गेला?

संपादक महोदय,

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत पिरॅमिडवर पानभर लेख होता, आवडीने वाचला, माहिती बरीचशी नीट होती, त्याबद्दल आधी आभार. पण वाचून झाल्यावर काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं आणि मग लक्षात आलं की अख्ख्या लेखात दगड, दगड आणि दगडच आहे, लाकूड फक्त चित्रात. आणि चित्रात तरी काय, तर पंचवीस-तीस माणसं गोल ओंडक्यांवरून एक मोठा चौकोनी दगड ढकलतायत. हे चित्र आपण सगळे लहानपणापासून बघत आलोय आणि त्यामुळेच ते कुणाला खटकत नाही. मी हातात करवत आणि पटाशी धरून थोडंफार काम केलेला माणूस आहे, म्हणून मला खटकलं, आणि हे पत्र जरा लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो.

आधी ओंडक्यांचंच घेऊ. सारख्या जाडीचे, सरळसोट, गोल ओंडके शेकड्याने आणायचे कुठून, हा इजिप्तमध्ये पहिला प्रश्न, आणि आणले तरी मऊ जमिनीवर दगडाच्या वजनाने ते रुतून बसणार हा दुसरा. लहान लाकडी रोलर तिथे वापरायचे, नाही असं नाही, शवपेटीसारखी जड वस्तू अरुंद जागेत सरकवायला वगैरे. पण बाहेरच्या रस्त्यावर दगड न्यायचं मुख्य साधन होतं घसरगाडी, म्हणजे चाकं नसलेली लाकडी स्लेज, दोन जाड धावा आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. देर अल बर्शा इथे जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे, इ.स.पू. १९०० च्या आसपासची, तिच्या भिंतीवर हे सगळं चित्रच काढून ठेवलंय. बसलेल्या माणसाचा प्रचंड पुतळा स्लेजवर बांधलाय, १७२ माणसं चार रांगांत दोर ओढतायत आणि स्लेजच्या पुढच्या टोकावर एक जण उभा राहून घागरीतून जमिनीवर पाणी ओततोय. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की पाणी ओतणं हा काहीतरी धार्मिक विधी असणार. मग २०१४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की वाळू योग्य तेवढी ओली केली तर ओढायला लागणारा जोर जवळपास निम्मा होतो, कोरड्या वाळूत स्लेजच्या पुढे ढीग साचतो आणि ओल्या वाळूत तो साचत नाही. आणि स्लेज फक्त चित्रातच आहे असंही नाही, दाहशूरला तिसऱ्या सेनुस्रेत राजाच्या पिरॅमिडजवळ १८९४ च्या सुमाराला खरीखुरी सापडली, चार मीटरपेक्षा थोडी लांब, ती कैरोच्या संग्रहालयात गेली. तेव्हा पुढच्या वेळी चित्रकाराला एवढं सांगा की ओंडके काढून टाक, स्लेज काढ, आणि पाणी ओतणारा माणूस विसरू नकोस.

स्लेज कशावरून जायची, तर त्यातही लाकूडच. लिश्तला, जिथे मिडल किंगडमचे, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या मधल्या कालखंडातले, पिरॅमिड आहेत, तिथे बांधकामाचे रस्ते सापडले, त्यात लाकडी तुळया आडव्या टाकून आजूबाजूला दगडाचा चुरा आणि माती भरलेली. आणि त्या तुळया बघितल्यावर कळलं की हे तर जुन्या नावांचं लाकूड आहे, फळ्यांवर जोडाच्या खाचा तशाच शिल्लक. म्हणजे आधी नाव, ती नदीत झिजली की मोडून तिचं लाकूड दगड वाहायच्या रस्त्यात. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते, कारण त्या देशात लाकडाची किंमत काय होती ते यातून एका क्षणात कळतं. दगड कुणी असा पुरवून पुरवून वापरत नव्हतं.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. आपण समजतो की पिरॅमिड बांधताना दगड ही सगळ्यात अवघड गोष्ट. वजनाला अवघड, मान्य, पण मिळायला सोपी. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा बहुतेक चुनखडक तिथल्याच पठारावरच्या खाणीतला आहे, अगदी बाजूला, बाहेरून लावायचा पांढरा चांगला दगड नदीपलीकडच्या तुर्‍याहून आणि ग्रॅनाइट लांब अस्वानहून, पण सगळं आपल्याच देशातलं, आपल्याच नदीच्या काठावरचं. लाकडाचं तसं नव्हतं. नाईलच्या काठी झाडं होती पण कशी, तर बाभूळ, झाऊ, उंबराच्या जातीतलं सायकॅमोर, खजूर आणि डोम ताड. बाभूळ कठीण आणि टिकाऊ, पण वेडीवाकडी आणि आखूड, तिच्यातून लांब सरळ तुळई काढायची म्हणजे सुताराची परीक्षा. सायकॅमोर हलकं आणि भोकाभोकाचं, पेट्या आणि पुतळे ठीक, वजन घ्यायला नको. खजुराचं खोड तर आतून धागेच धागे, छपराला वासा म्हणून टाका, कापून फळी मिळणार नाही. मग वीस-वीस मीटरचं सरळ लाकूड हवं असेल तर एकच रस्ता, समुद्र ओलांडून लेबननचे डोंगर आणि तिथला सीडर, आपल्या हिमालयातल्या देवदाराचा भाऊबंद. बिब्लॉस हे बंदर, आजचं जुबेल, तिथून हे लाकूड यायचं.

हा व्यवहार किती जुना आणि किती मोठा होता ते पालेर्मो शिळेवर, म्हणजे जुन्या राजांच्या वर्षावार नोंदी असलेल्या दगडावर, कोरलंय. त्यात स्नेफेरू राजाच्या वर्षांच्या नोंदींत सीडरने भरलेली ४० जहाजं आणल्याचं लिहिलंय, शंभर हात लांबीची जहाजं बांधल्याचं लिहिलंय आणि राजवाड्याच्या सीडरच्या दारांचंही. एका राजाने आपल्या राज्यातल्या लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी म्हणून काय लिहून ठेवलं, तर लाकूड आलं आणि दारं केली. आणि हा कोण राजा, तर गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूचा बाप, ज्याने मैदूम आणि दाहशूरला एकट्याने एवढे दगड रचले की मुलालाही तेवढे जमले नाहीत. त्याच्या वाकड्या पिरॅमिडच्या आतल्या वरच्या दालनात सीडरच्या तुळया अजून अडकलेल्या आहेत, मैदूमच्या पिरॅमिडच्या आतही सीडरचे ओंडके आहेत. साडेचार हजार वर्षांनी लाकूड जागेवर! त्या ४० जहाजांतलंच ते लाकूड आहे असं मी म्हणत नाही हं, पण काळ तोच आहे.

आता नावांकडे येतो, कारण नावेशिवाय यातलं काहीच झालं नसतं. २०१३ मध्ये लाल समुद्राच्या काठी वादी अल जर्फ इथे पिएर ताले यांच्या संशोधक टीमला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे, तुकडे मिळाले, त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे, खुफूच्या शेवटच्या वर्षांतली. हा मेरेर आपल्या माणसांना घेऊन तुर्‍याला जातो, नावेत दगड भरतो, कालव्यातून गिझाला आणतो, रिकामी नाव घेऊन परत जातो, आज इथे मुक्काम, उद्या तिथे मुक्काम, असं साधं रोजचं काम. पिरॅमिडवर काम करणाऱ्या माणसाने स्वतः लिहिलेलं हे सगळ्यात जुनं काहीतरी, आणि त्यात बघायला मिळतं काय तर नाव चालवणं. तुमच्या लेखात मेरेर नव्हता, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मेरेरनंतरच्या काळातला वेनी नावाचा अधिकारी तर आपल्या कबरीत फुशारकीच मारतो. राजासाठी हतनूबहून अलाबास्टरचं मोठं दानपीठ आणायचं होतं, तर ६० हात लांब आणि ३० हात रुंद अशी बाभळीची नाव १७ दिवसांत बांधली म्हणतो. त्यांचा हात म्हणजे साधारण साडेबावन्न सेंटिमीटर, म्हणजे तीस मीटरच्या वर लांबी, आणि तीही त्या आखूड वाकड्या बाभळीची. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने नंतर लिहून ठेवलंय की इजिप्तचे लोक बाभळीच्या दोन-दोन हातांच्या फळ्या विटा रचाव्यात तशा रचून नाव करतात, आणि बऱ्याच जणांना ते थापच वाटायचं, पण थोनिस-हेराक्लिऑनच्या बुडालेल्या बंदरात तशाच बांधणीची नाव सापडली. म्हणजे लांब लाकूड नाही ना, मग आखूड तुकड्यांतून मोठी वस्तू उभी करायची विद्या त्यांनी शिकून घेतली होती. पुढे न्यू किंगडममध्ये, म्हणजे त्यानंतरच्या कालखंडात, इनेनी नावाचा अधिकारी पहिल्या थुतमोस राजाच्या दोन ओबेलिस्कसाठी, म्हणजे एकाच दगडाच्या उंच टोकदार स्तंभांसाठी, १२० हात लांब आणि ४० हात रुंद तराफ्याची नाव बांधल्याचं सांगतो, हिशेब केला तर त्रेसष्ट मीटर गुणिले एकवीस. आणि देर अल बहरीला हत्शेप्सुत राणीच्या देवळात तर ओबेलिस्क नेणारी नावच भिंतीवर कोरलीय, पुढे ओढणाऱ्या छोट्या नावांच्या रांगाच रांगा. कर्नाकला उभं असलेलं हत्शेप्सुतचं ओबेलिस्क जवळजवळ तीस मीटर उंच, लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात, ते ज्याच्यावरून आलं त्या नावेची एक फळीसुद्धा उरलेली नाही.

एक नाव मात्र उरली. १९५४ मध्ये कमाल अल मल्लाख यांना खुफूच्या पिरॅमिडच्या दक्षिणेला दगडांनी झाकलेला खड्डा मिळाला, आत सुटे भाग करून थरावर थर रचून ठेवलेली नाव, एकूण १२२४ तुकडे. ती परत जोडली हाज अहमद युसूफ मुस्तफा यांनी, दहा वर्षांपेक्षा जास्त काळ लागला, आधी छोटी मॉडेलं करून बघितली, नाईलकाठच्या नाव बांधणाऱ्या कारागिरांकडे जाऊन ते काम कसं करतात ते बघितलं, कारण पुस्तकात हे कुठेच नव्हतं. फळ्यांवर जुन्या सुतारांनी खुणा करून ठेवल्या होत्या, हा तुकडा पुढचा का मागचा, डावा का उजवा, त्याचा उपयोग झाला. जोडल्यावर लांबी ४३ मीटरच्या वर, बहुतेक सगळं सीडर, आणि लोखंडी-तांब्याचा खिळा एकही नाही, फळ्या आतल्या बाजूने दोराने शिवलेल्या, खाचा अशा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात पाडलेल्या की दोर बाहेरून दिसतच नाही आणि पाण्याशी त्याची गाठ पडत नाही. लाकूड पाण्यात फुगतं, दोर आवळतो, फटी बंद. ज्याने हे डोक्यात आणलं त्याला मी लांबून नमस्कार करतो. २०२१ मध्ये ती नाव पिरॅमिडजवळून हलवून ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये नेली, आणि शेजारच्या दुसऱ्या खड्ड्यातल्या नावेवर जपानी आणि इजिप्शियन माणसं मिळून काम करतायत, तिचं लाकूड पहिल्यापेक्षा खूपच वाईट अवस्थेत होतं.

हत्यारांबद्दल थोडंसं, लांबवत नाही. तांब्याची करवत, वाकस, पटाशी, लाकडी हातोडा, धनुष्याने फिरवायचा सामता, बस. रंधा नाही! वाकसाने तासायचं आणि वालुकाश्माने घासायचं. करवतीचे दात मुठीकडे वळलेले, म्हणजे ढकलताना नाही तर ओढताना कापते, आणि लाकूड उभ्या खांबाला बांधून वरून खाली कापत यायचं, रेखमिरेच्या कबरीतल्या चित्रांत हे सुतार बघायला मिळतात. मेकेत्रेच्या कबरीत तर अख्ख्या सुतारशाळेचं लाकडी मॉडेल मिळालं. सक्काऱ्याच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली एका शवपेटीत सहा थरांचं लाकूड आहे, प्रत्येक थर काही मिलिमीटरचा, एका थराचे धागे उभे तर पुढच्याचे आडवे, म्हणजे चक्क प्लायवूड, तेही इ.स.पू. २६०० च्या आधीचं. गुण्या आणि ओळंबा लावलेली इंग्रजी ए आकाराची लेव्हल तर सेन्नेजेमच्या कबरीत सापडली, ती पण लाकडाचीच. मोठ्या पिरॅमिडचा पाया २३० मीटर बाजूचा आणि त्यात चढउतार जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर, हे आपण तोंडात बोट घालून सांगतो, पण असलं माप धरायला गज, गुण्या, लेव्हल लागतात आणि ते कुणीतरी लाकडातून अचूक घडवावे लागतात हे सांगत नाही.

देवळाच्या भिंतींतही लाकूड लपलेलं आहे. दोन दगड एकमेकांपासून सरकू नयेत म्हणून वरच्या बाजूला डमरूसारखी खाच पाडून त्यात बाभळीचा तसाच तुकडा ठोकायचे, डोव्हटेल म्हणतो ना आपण तेच, काही तुकड्यांवर राजाचं नावसुद्धा कोरलेलं मिळालंय, जे भिंत उभी राहिली की कुणालाच दिसणार नव्हतं. पायलॉनच्या, म्हणजे देवळाच्या दारावरच्या जोडबुरुजांच्या, दर्शनी भिंतीत ज्या उभ्या लांब खाचा दिसतात, एदफूला, लक्सरला, त्या ध्वजाच्या उंच खांबांसाठी, आणि ते खांब अर्थात लेबननचे. दारंही सीडरची, वरून धातूचा पत्रा. आज लोक त्या देवळांत जाऊन म्हणतात काय भव्य दगड, पण ते बघतायत ते अर्धंच देऊळ आहे, दारं, ध्वज, मूर्तीची पालखी, सगळं लाकूडकाम गेलेलं.

त्याही मागे गेलं तर दगडाच्या आधी लाकूडच होतं. अबिदोसच्या पहिल्या राजघराण्याच्या राजांची थडगी विटांची आणि आत लाकडाच्या फळ्यांनी मढवलेली. मग जोसेर राजाच्या काळात त्याच्या वास्तुकार इम्होतेपने सगळं दगडात करायला घेतलं तेव्हा दगडालाच लाकडाचं रूप दिलं, सक्काऱ्याच्या प्रवेशदाराचं छत बघा, दगडाच्या लाद्या पण खालून गोल ओंडके ओळीने मांडल्यासारख्या कोरलेल्या, आणि उघडं राहिलेलं लाकडी दारही दगडात कोरलंय, बिजागरीच्या खुंटासकट, जे कधी मिटणारच नाही.

आता लाकडाची बाजू घेतोय म्हणून न केलेल्या कामाचं श्रेयही त्याला नको. तुमच्या लेखात जे होतं की लाकडी पाचरी ठोकून वर पाणी ओतायचे आणि लाकूड फुगून ग्रॅनाइट फुटायचा, ते अस्वानच्या खाणीतल्या पाचरींच्या खुणांवरून आलेलं आहे, आणि त्या खुणा बहुतेक अभ्यासकांच्या मते खूप नंतरच्या, लोखंड आल्यानंतरच्या काळातल्या आहेत. फेरोंच्या काळात ग्रॅनाइट डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून ठेचून काढायचे, अपुरं राहिलेलं सुमारे ४२ मीटरचं ओबेलिस्क तिथेच पडलंय, त्याच्या बाजूच्या चरांत ठेचल्याचे गोल खळगे स्पष्ट आहेत.

लाकूड जपून वापरल्याचा एक मजेशीर परिणाम कार्बन डेटिंगमध्ये दिसतो. १८७२ मध्ये वेनमन डिक्सन या इंजिनिअरला मोठ्या पिरॅमिडच्या राणीच्या दालनातल्या झरोक्यात तीन वस्तू मिळाल्या, दगडी गोळा, तांब्याचा आकडा आणि सीडरचा तुकडा. पहिल्या दोन ब्रिटिश म्युझियममध्ये, लाकूड मात्र गायब. ते मिळालं स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात, सिगारच्या डब्यात, तिथल्या अबीर अलदानी यांना, जुना इजिप्तचा झेंडा असलेला तो डबा भलत्याच विभागात पडून होता. २०२० च्या शेवटी तारीख जाहीर झाली, इ.स.पू. ३३४१ ते ३०९४, म्हणजे खुफूच्या सुमारे पाचशे वर्षं आधीची. लगेच काही लोक उड्या मारायला लागले की बघा, पिरॅमिड आपण समजतो त्यापेक्षा जुने. अहो, पिरॅमिड नाही, लाकूड जुनं! सीडर शेकडो वर्षं जगतो, मधल्या गाभ्याचं लाकूड झाड तोडायच्या कितीतरी आधीच मेलेलं असतं आणि कार्बन त्याचीच तारीख सांगतो, वर ते लाकूड कुठल्या जुन्या कामातून काढून परत वापरलेलं असेल तर आणखी भर. दगडांमधल्या चुन्या-जिप्समच्या गिलाव्यात जो कोळसा सापडतो त्याच्या तारखाही १९८४ च्या आणि १९९५ च्या तपासणीत अशाच जुन्या निघाल्या, कारण गिलावा भाजायला, भाकरी भाजायला, तांब्याची छिन्नी परत धार लावायला ताववायला, सगळ्याला जळण लागायचं आणि हाताला येईल ते जुनं लाकूड चुलीत जायचं. पिरॅमिडला लागलेलं सगळ्यात जास्त लाकूड कदाचित असंच धूर होऊन गेलं असेल. म्हणून तर सुतार आपल्याला दिसत नाही, गवंड्याचं काम उभं राहिलं आणि सुताराचं काम जळलं, वाळवीने खाल्लं किंवा दुसऱ्या कशात गेलं.

शेवटी वेनामुन नावाच्या अधिकाऱ्याची कहाणी. तिचा पपायरस आज मॉस्कोत आहे, घडलेली हकीगत की रचलेली गोष्ट यावर वाद आहे, पण काळ खरा आहे, इ.स.पू. ११०० च्या जरा नंतरचा, इजिप्तचा दरारा संपलेला. थेब्जहून आमोन देवाच्या नावेसाठी लाकूड आणायला वेनामुनला बिब्लॉसला पाठवतात, वाटेतच त्याचे पैसे चोरीला जातात, आणि बिब्लॉसचा राजा त्याला रोज निरोप पाठवतो की माझ्या बंदरातून चालता हो, असं २९ दिवस. मग भेट झाल्यावर राजा सरळ विचारतो, तुमच्या आधीच्या राजांनी पैसे मोजून लाकूड नेलं, तू काय आणलंस? जुन्या वह्या काढून वाचून दाखवतो. मी तुझा नोकर नाही आणि तुला पाठवणाऱ्याचाही नाही, म्हणतो. वेनामुन देवाच्या थोरवीच्या गोष्टी सांगत बसतो, त्याने काही होत नाही. शेवटी नावेच्या कण्याचं, दोन्ही टोकांचं आणि आणखी चार अशी सात लाकडं आगाऊ म्हणून इजिप्तला जातात, तिकडून सोनं, चांदी, कापड, ५०० बैलांची कातडी, ५०० दोर, मसूर आणि मासे येतात, तेव्हा कुठे राजा खूश होऊन ३०० माणसं आणि ३०० बैल जंगलात लाकूड तोडायला लावतो.

पत्र फार लांबलं, छापताना हवी तशी काटछाट करा, हत्यारांचा भाग गेला तरी चालेल, फक्त मेरेर आणि वेनामुनला हात लावू नका.

आपला,
एक नियमित वाचक